डोंगरपायथ्याच्या वाडीसाठी अतिवृष्टीची तयारी: निर्णय दिवेलागणीच्या आत

2 ऑगस्ट 2016 रोजी महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल कोसळून दोन एसटी गाड्या वाहून गेल्या, तेव्हा रात्र होती. 2 जुलै 2019 रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून खालची भेंदवाडी वाहून गेली, तेव्हाही रात्र होती. 19 जुलै 2023 रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तीही रात्रीच. माळीण आणि तळीये या दोन गावांवर दिवसाउजेडी घाला आला हे खरे. त्यामुळे आपत्ती रात्रीच येते असा नियम काढता येत नाही. पण रात्री आलेले पाणी दिसत नाही, डोंगराची भेग दिसत नाही, वाट निसरडी असते, माणसे झोपेत असतात आणि मोबाइलचा टॉवर बहुधा आधीच बंद पडलेला असतो. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीकडे नेणाऱ्या आहेत: घर सोडायचे की नाही याचा निर्णय दिवेलागणीच्या आत झालेला असला पाहिजे.

हे मार्गदर्शन रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील घाटपायथ्याच्या वाड्या, सातारा-कोल्हापूरच्या डोंगराळ पट्ट्यातील गावे, तसेच माथ्यावरचे धनगरवाडे आणि कातकरी वाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. तालुक्याच्या गावाला बचाव पथक काही तासांत पोहोचू शकते. वाडीला ते पोहोचेपर्यंत बहुतेक सारे घडून गेलेले असते. इर्शाळवाडीला रस्ताच नव्हता. यंत्रे वर नेता येईनात आणि जवानांना पावसात चिखलाची पायवाट चढून जावे लागले. 30 जुलै 2014 रोजी माळीण गाडले गेले, त्याची खबर बाहेर पोहोचली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही म्हणून. पहिले काही तास वाडीचे वाडीनेच निभावायचे असतात, हे मनाशी पक्के केल्याशिवाय पुढची तयारी नीट होत नाही.

पाणी इतक्या लवकर कसे येते

सावित्री नदी सुमारे 1,350 मीटर उंचीच्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते आणि काही किलोमीटरच्या आतच कड्यावरून कोकणात उतरते. 22 आणि 23 जुलै 2021 च्या दरम्यान महाबळेश्वरला 24 तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दोन दिवसांत महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. तळीये, पोलादपूर तालुक्यातील साखरसुतारवाडी, खेड तालुक्यातील पोसरे, पाटण तालुक्यातील आंबेघर आणि मिरगाव येथे दरडी कोसळल्या. घाटावरचा पाऊस आणि खालचा पूर यांच्यातील अंतर दिवसांचे नसते, तासांचे असते. आणि वाडीशेजारच्या पऱ्याच्या, म्हणजे डोंगरओढ्याच्या, बाबतीत ते मिनिटांचे असते.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एखाद्या पऱ्याला पाच चौरस किलोमीटर डोंगरउताराचे पाणी मिळते आणि दोन तासांत 100 मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. एकूण पाणी झाले 50 कोटी लिटर. जुलैत जमीन आधीच तुडुंब भिजलेली असते. तरीही त्यातले निम्मेच पाणी वाहून आले असे मानले तर त्या पऱ्यातून सरासरी दर सेकंदाला सुमारे 35 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर, वाहत असतात. उन्हाळ्यात आपण ज्या पऱ्याच्या दगडांवर पाय ठेवून कोरड्या चपलेने पलीकडे जातो, तोच हा पऱ्या.

यातून एक गोष्ट निघते, जी अनुभवी माणसेही कधी कधी विसरतात. आपल्या अंगणात पाऊस थांबला म्हणून पऱ्या उतरेलच असे नाही. त्याचे पाणी वरच्या सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) आणि कड्यांवरून येते, आणि ढग तिथे अडून कोसळत असेल तर खाली लख्ख उघडीप असतानाही लोंढा येतो.

पहिली पायरी: वैशाखात वाडी चालून पाहणे

ही तयारी मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आसपास करावी. पोलीस पाटील, वाडीतील दोन-तीन जुनी माणसे, आशा सेविका आणि दोन तरुण मुले एवढ्यांनी मिळून एक दिवस वाडीचा फेरा मारावा. शाळेच्या वहीचा मोठा कागद पुरतो. त्यावर प्रत्येक घर, पऱ्या, साकव (पऱ्यावरचा छोटा पूल), विहीर, विजेचा खांब, मंदिर, शाळा आणि वर जाणारी प्रत्येक पायवाट काढावी. मग जुन्या माणसांना एकच प्रश्न विचारावा: तुमच्या आठवणीत पाणी सर्वात वर कुठपर्यंत आले होते? ती खूण झाडावर किंवा भिंतीवर रंगाने करून ठेवावी. पुढच्या पिढीला ती सांगावी लागत नाही, ती दिसते.

त्यानंतर घरांची तीन प्रकारांत विभागणी करावी. पऱ्याच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाची घरे आणि पऱ्याच्या पात्रालगतची घरे पहिली; वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी आदळते आणि काठ खाते, म्हणून आतल्या अंगापेक्षा तिथे धोका जास्त असतो. डोंगर तासून सपाट केलेल्या जागेवरची आणि मागे उभी दरड असलेली घरे दुसरी. दोन डोंगरसोंडांच्या मधल्या घळीच्या तोंडाशी असलेली घरे तिसरी, आणि माझ्या मते सर्वाधिक धोक्याची, कारण तिथे पाणी, माती आणि दगड तिन्ही एकत्र उतरतात. अशा घळीत एरवी पाणी नसते, त्यामुळे तिथे घर बांधताना कोणाला शंका येत नाही.

येथे सरकारी यादीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. जिल्हा प्रशासनाकडे दरडप्रवण गावांची यादी असते आणि आपले गाव तीत आहे का, हे तहसील कार्यालयात जरूर विचारावे. मात्र इर्शाळवाडीचे नाव त्या यादीत नव्हते. यादीत नाव असणे हा इशारा आहे. नाव नसणे ही हमी नाही.

फेऱ्यात डोंगरावरही जावे. वाडीच्या वरच्या बाजूला जमिनीत चंद्रकोरीसारखी भेग दिसते का, झाडे किंवा खांब खालच्या बाजूला कलले आहेत का, नवा रस्ता किंवा घरासाठीचा सपाट तुकडा काढताना डोंगराचा पाया कुठे कापला गेला आहे, हे पाहावे. भेग सापडली तर ती मातीने बुजवून वरून प्लास्टिकचे कापड अंथरावे, म्हणजे पाणी आत मुरणार नाही, आणि तलाठी कार्यालयात लेखी कळवून पोच घ्यावी. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून त्यांच्यातील अंतर वहीत लिहावे. पावसाळ्यात ते अंतर वाढलेले आढळले तर आणखी कोणत्याही पुराव्याची वाट पाहू नये.

वरच्या अंगाला लघुपाटबंधारे तलाव किंवा पाझर तलाव असेल तर त्याच्या बांधाचीही पाहणी करावी. तिवरे धरणाच्या गळतीच्या तक्रारी ते फुटण्याआधी झालेल्या होत्या. बांधाच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी स्वच्छ असेल तर लक्ष ठेवून कळवावे; ते गढूळ झाले असेल तर बांधाची माती आतून वाहत आहे असे समजून खालची घरे त्याच तासाला रिकामी करावीत.

शेवटी मुक्कामाची जागा ठरवावी. ती पऱ्यापासून आणि घळीपासून दूर असावी, मागे उभा उतार नसावा, आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे तिथे जाताना एकही साकव किंवा फरशी पूल ओलांडावा लागू नये. ही शेवटची अट पुष्कळ गावे विसरतात. शाळा ही ठरलेली जागा असते आणि शाळा नेमकी पऱ्याच्या पलीकडे असते. अशा वेळी अलीकडच्या अंगाचे एखादे पक्के घर, सड्यावरचा मांगर (शेतघर) किंवा मंदिराचा सभामंडप ठरवावा, आणि त्या घरच्या माणसांशी मे महिन्यातच बोलून ठेवावे. एरवी भावकीतील जुने बोलणे-चालणे बंद असेल, तर भर पावसात कोणी कोणाच्या ओटीवर पाय ठेवत नाही. हे वाचताना किरकोळ वाटेल. पण घर न सोडण्यामागे अनेकदा पाण्यापेक्षा हेच कारण मोठे असते.

दुसरी पायरी: पाऊस मोजणे

भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत 24 तासांतील 64.5 ते 115.5 मिलिमीटर पावसाला मुसळधार, 115.6 ते 204.4 मिलिमीटरला अतिमुसळधार आणि त्याहून अधिक पावसाला अतिवृष्टीची सर्वात वरची पायरी मानतात. पिवळा रंग लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी रंग तयारीत राहण्यास, आणि लाल रंग कृती करण्यास. पण हा इशारा जिल्ह्यासाठी किंवा फार तर घाटमाथ्यासारख्या पट्ट्यासाठी असतो. रायगड नारिंगी आहे एवढ्यावरून आपल्या वाडीवर काय पडणार हे कळत नाही. ते कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे स्वतः मोजणे, आणि त्यासाठी लागणारा खर्च जवळजवळ शून्य आहे.

सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्यावा. तोंड आणि तळ सारख्याच रुंदीचे असले की डब्याचा आकार केवढा आहे याने फरक पडत नाही. तळ वाकडा किंवा खोलगट असलेली बाटली वापरायची असेल तर तिची मान कापावी, सरळ भाग सुरू होईल तिथपर्यंत आधी पाणी भरावे आणि तिथे शून्याची खूण करावी. डबा उघड्यावर, घर किंवा झाड जेवढे उंच असेल त्याच्या दुप्पट अंतरावर, दगडांच्या आधाराने पक्का बसवावा. पागोळीखाली ठेवलेला डबा काहीच सांगत नाही. हवामान खाते पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरते, म्हणून आपणही सकाळी साडेआठला मोजून डबा रिकामा करावा. मोजण्यासाठी शाळेतील स्टीलची पट्टी चालते. नोंद वहीत करावी आणि मुसळधार पावसाच्या दिवशी दर दोन तासांनी पाहावे. हे काम सातवी-आठवीच्या एखाद्या मुलीकडे किंवा मुलाकडे सोपवावे. ती मुले ते मोठ्यांपेक्षा नेमाने करतात.

आता आकड्यांचे करायचे काय? प्रत्येक वाडीचा उंबरठा वेगळा असतो आणि तो दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदींतूनच नेमका कळतो. तोवर सुरुवात म्हणून मी असे सुचवेन: सकाळपासून दुपारी चारपर्यंत डब्यात 100 मिलिमीटर जमले असेल, पाऊस चालूच असेल आणि इशारा नारिंगी किंवा लाल असेल, तर वर सांगितलेल्या तिन्ही प्रकारच्या घरांनी रात्र त्या घरात काढू नये. आधीचे तीन-चार दिवस झड लागलेली असेल तर याहून कमी आकड्यालाही हलावे, कारण भिजून जड झालेला उतार सुटायला थोडा पाऊस पुरतो. हा हवामान खात्याचा नियम नाही, सावधगिरीचा अंदाज आहे, आणि तो चुकला तर एका रात्रीची झोप जाते एवढेच.

जाता जाता एका शब्दाविषयी. आपल्याकडे प्रत्येक मोठ्या सरीला ढगफुटी म्हणण्याची सवय लागली आहे. हवामानशास्त्रात साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात तासाभरात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो शब्द वापरतात. वाडी वाहून जाण्यासाठी मात्र ढगफुटीची गरज नसते.

खाडीकाठच्या वाड्यांनी पावसाबरोबर भरतीही पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते आणि ती असताना नदीचे पाणी समुद्रात उतरत नाही, तुंबते. जुलै 2021 मध्ये चिपळूण बुडाले ते गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. कोळ्यांचा जुना हिशेब अजूनही उपयोगी पडतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या सुमारास.

तिसरी पायरी: निरोपाची साखळी

पाण्याची खबर खालून मिळून उपयोग नाही, ती वरून यायला हवी. आपल्या पऱ्याच्या किंवा नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावातील किमान दोन माणसांचे क्रमांक घ्यावेत. घाटमाथ्यावरचा धनगरवाडा, वरच्या वाडीतील दुकानदार, घाटातील चहावाला, कोणीही चालेल. अट एवढीच की त्याला नदी दिसत असावी. त्याने फक्त एवढे सांगायचे: साकवावरून पाणी गेले. या एका वाक्यातून खालच्या वाडीला मिळणारा अर्धा-पाऊण तास फार मोलाचा असतो.

मुंबई-पुण्यातील चाकरमान्यांनाही या साखळीत काम द्यावे. पावसाच्या दिवसांत त्यांचे गावाकडे फोनवर फोन येतच असतात. त्यांच्यापैकी एकाने हवामान खात्याच्या संकेतस्थळावर रडारचे चित्र आणि पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज पाहायचा आणि तो ठरलेल्या एकाच माणसाला कळवायचा, असे ठरवले तर त्या काळजीचा उपयोग होतो. वाडीत इंटरनेट नसले तरी साधा फोन बराच वेळ टिकतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आणि विजेचा इशारा देणारे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ही दोन ॲप मोबाइलमध्ये असावीत. ज्याचा उगम माहीत नाही असा पुढे ढकललेला संदेश मात्र साखळीत शिरू देऊ नये. मागच्या वर्षीच्या पुराची चित्रफीत यंदाची म्हणून फिरते आणि मग खरा इशाराही कोणी मनावर घेत नाही.

फोन बंद पडेल असे गृहीत धरूनच आवाजाची खूण ठरवावी. देवळाची घंटा सलग वाजत राहिली तर घर सोडायचे, थांबून थांबून वाजली तर तयार राहायचे, एवढे दोनच संकेत ठेवावेत. तिसरा कोणाच्या लक्षात राहत नाही. कोसळत्या पावसात पत्र्याखाली घंटा ऐकू येत नाही, म्हणून दर पाच-सहा घरांमागे एका तरुणाकडे शिट्टी आणि विजेरी द्यावी आणि त्याने दारात जाऊन हाक मारायची, असे नेमून द्यावे. हाक मारल्यावर घरातून माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी दिसला पाहिजे. आतून ‘हो’ आले म्हणून पुढे जायचे नाही.

भिंतीवर ठळक अक्षरांत क्रमांक लिहावेत: 112 ही आपत्कालीन सेवा, 108 ही रुग्णवाहिका, 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्ष, 1070 हा राज्य नियंत्रण कक्ष. शेजारी तहसील कार्यालयाचा आणि नियंत्रण कक्षाचा साधा दूरध्वनी क्रमांकही लिहावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तो एकदा लावून पाहावा.

निर्णय कोणी घ्यायचा हेही आधी ठरवावे. सरपंच तालुक्याला गेलेले असतात, पोलीस पाटील दुसऱ्या वाडीत अडकलेले असतात. म्हणून वाडीतच राहणाऱ्या तीन माणसांची नावे ठरवावीत, त्यात किमान एक बाई असावी, आणि तिघांपैकी कोणा एकाने सांगितले तरी हलायचे, असा ग्रामसभेत ठराव करावा. तिघांचे एकमत होण्याची वाट पाहण्याइतका वेळ पऱ्या देत नाही.

चौथी पायरी: पिशवी, गोठा आणि अडलेली माणसे

पिशवीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आधार, शिधापत्रिका, सातबारा, बँकेचे पुस्तक आणि औषधांच्या चिठ्ठ्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, त्यांचे फोटो मुंबईच्या नातेवाइकाच्या मोबाइलमध्येही ठेवावेत. विजेरी, काडेपेटी, रोजची औषधे दहा दिवसांची, थोडी रोख रक्कम, कोरडे कपडे, चुरमुरे-शेंगदाणे-गूळ असे न शिजवता खाता येणारे अन्न आणि पिण्याचे पाणी एवढे पुरे. माथ्यावरच्या धनगरवाड्याचा प्रश्न वेगळा आहे: तिथे पूर येत नाही, पण खाली उतरणाऱ्या वाटेवरचे चार पऱ्ये आठवडाभर वाट अडवतात. त्यांनी आषाढ लागण्यापूर्वी किमान तीन आठवड्यांचे धान्य, मीठ, रॉकेल किंवा सुकी लाकडे आणि बाळांची औषधे भरून ठेवावीत.

जनावरांबाबत मात्र थांबून विचार केला पाहिजे, कारण पुष्कळ माणसे गोठ्यातील जनावर सोडवायला मागे वळली आणि परत आली नाहीत. इशारा नारिंगी झाला की संध्याकाळी जनावरे दाव्याला बांधूच नयेत; गोठ्याचे दार उघडे ठेवावे किंवा दिवसाच ती वरच्या गडग्यात (दगडी कुंपणात) हलवावीत. मोकळे जनावर बहुतेकदा स्वतःहून उंचावर जाते, बांधलेले जागेवरच बुडते. प्रत्येक जनावराच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वहीत लिहावा आणि एक फोटो काढून ठेवावा. नुकसान झाल्यास त्याचा आधार लागतो.

आशा सेविकेकडे वाडीतील गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर असलेले रुग्ण यांची यादी असते. या माणसांना लाल इशाऱ्याची वाट न पाहता आदल्या दिवशी हलवावे. आठवा महिना लागलेल्या स्त्रीने जुलै-ऑगस्टमध्ये आरोग्य केंद्राच्या गावातील नातेवाइकांकडे जाऊन राहावे. रात्री डोलीत घालून पऱ्या ओलांडण्याची वेळ येऊ देऊ नये. चालता न येणाऱ्या प्रत्येकासाठी दोन उचलणारी माणसे नावानिशी नेमलेली असावीत.

गणपतीला गावी आलेले पाहुणे या यादीत कोणी धरत नाही. त्यांच्या मुलांना पऱ्या ठाऊक नसतो आणि भरलेले पाणी पाहायला ती सर्वांत पुढे धावतात.

पाचवी पायरी: दुपारी चारची बैठक

मुसळधार पावसाच्या दिवशी दुपारी चार वाजता ठरलेल्या तीन माणसांनी एकत्र यावे किंवा फोनवर बोलावे. चार प्रश्न विचारायचे: डब्यात किती पाऊस जमला, वरच्या गावाचा निरोप काय, इशाऱ्याचा रंग कोणता, आणि पऱ्याचे पाणी रंगाच्या खुणेपासून किती खाली आहे? यातील दोन उत्तरे वाईट असली तर हलायचे. साडेपाचला धोक्याच्या घरांनी चूल विझवून, वीज मुख्य खटक्यावर बंद करून, गॅस बंद करून निघायचे, सातच्या आत माणसे मोजून व्हायला हवीत. मोजणी तोंडी नको; प्रत्येक घराची नावे लिहिलेला कागद हातात धरून करावी.

हे तीनदा केले आणि तिन्ही वेळा काहीच झाले नाही, तर चौथ्यांदा लोक कुरकुर करतात. ही कुरकुर अपेक्षित आहे. तिच्यावर उपाय एवढाच की मुक्कामाची जागा खरोखर राहण्यासारखी असावी: कोरडी जमीन, बायकांसाठी आडोसा आणि शौचालय, चहाची सोय. ओल्या शाळेत उपाशी काढलेल्या एका रात्रीनंतर माणसे पुन्हा येत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

काही कारणाने घर सोडणे शक्यच झाले नाही, तर डोंगराकडच्या खोलीत कोणी झोपू नये. दरीच्या बाजूच्या खोलीत, माळा पक्का असेल तर माळ्यावर झोपावे, अंगावर कपडे आणि पायात चप्पल घालूनच, आणि घरातील एकाने आळीपाळीने जागे राहावे.

सहावी पायरी: पाणी किंवा माती समोर आली तर

वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. जोरात वाहणारे जेमतेम घोट्याच्या वरचे, साधारण 15 सेंटिमीटर पाणीही माणसाचा पाय उचलू शकते, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक वाहनांना ओढून नेते. फरशी पुलावर गढूळ पाण्याखाली पूल अजून जागेवर आहे की नाही हेच दिसत नाही. त्यामुळे ‘पुढची गाडी गेली’ हा पुरावा धरू नये. पाणी पुलावरून वाहत असेल तर अलीकडेच थांबावे, मग पलीकडे स्वतःचे घर दिसत असले तरी.

पऱ्याच्या वागण्यातील बदल ओळखता आला पाहिजे. पाणी एकाएकी गढूळ किंवा तांबडे झाले, त्यात मुळांसकट झाडे येऊ लागली, मातीचा उग्र वास आला किंवा वरून गडगडाट सतत ऐकू येऊ लागला, तर लोंढा जवळ आला आहे. याहून फसवी खूण उलटी असते: भर पावसात पऱ्याचे पाणी अचानक कमी होणे. वर कुठेतरी दरड पडून पात्र अडले आहे आणि तिच्यामागे पाणी साठते आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. तो बांध फुटला की सगळे पाणी एकदम येते. अशा वेळी पाणी ओसरले म्हणून पलीकडे जाऊ नये, जाळी घेऊन मासे धरायला तर मुळीच उतरू नये.

दरडीच्या खुणा घरातही दिसतात. कालपर्यंत नीट लागणारे दार अडकू लागणे, भिंतीला किंवा जोत्याला नवी तिरकी भेग पडणे, अंगणात नसलेला झरा फुटणे किंवा असलेला अचानक आटणे, झाडे मोडल्याचा कडकड आवाज येणे. यातील काहीही दिसले तर सामान न घेता निघावे. पळताना उताराच्या दिशेने खाली पळू नये, मातीचा वेग माणसाहून जास्त असतो. आडवे, घळीपासून दूर असलेल्या डोंगरसोंडेकडे पळावे. पाण्याच्या बाबतीतही तेच: पऱ्याच्या कडेने खाली नव्हे, पऱ्याला काटकोनात वर.

वीज हा प्रामुख्याने वैशाखातील वळवाचा आणि आश्विनातील परतीच्या पावसाचा धोका. चकाकी दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर अंतर धरावे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर शेतातील काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकट्या झाडाखाली, मांगराच्या पत्र्याच्या छपराखाली किंवा पाणी भरलेल्या भाताच्या खाचरात उभे राहू नये.

सातवी पायरी: पाणी उतरल्यावरचे दोन-तीन दिवस

सकाळी उघडीप मिळाली की सगळ्यांची पावले आपोआप घराकडे वळतात. मात्र मुसळधार पाऊस थांबल्यानंतरही उतार काही काळ सुटत राहतात. आधी दोन माणसांनी दुरून पाहणी करावी, नव्या भेगा दिसतात का ते बघावे, आणि मगच एकेक घर उघडावे. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, महावितरणकडून खात्री होईपर्यंत मुख्य खटका चालू करू नये. लाकडांच्या ढिगात, कपाटामागे आणि कौलांत साप शिरलेले असतात. हात घालण्याआधी काठी घालावी. सर्पदंश झाल्यास कापणे, चोखणे, आवळून बांधणे यात वेळ न घालवता दंश झालेला भाग न हलवता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्या भागात ते कोणत्या केंद्रात मिळते हे आशा सेविकेकडून जूनमध्येच विचारून ठेवलेले असावे.

पुराचे पाणी शिरलेली विहीर आरोग्य सेवकाने टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तपासेपर्यंत तिचे पाणी पिऊ नये. तोवर पागोळीचे पाणी पहिल्या काही मिनिटांचे सोडून देऊन साठवावे आणि उकळून प्यावे. चिखलात काम करताना गमबूट घालावेत. पायाला जखम असेल तर ती झाकावी, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले तर साधा ताप समजून घरी थांबू नये, आणि आपण पुराच्या पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.

साफसफाई सुरू करण्यापूर्वी फोटो काढावेत: घर बाहेरून चारही बाजूंनी, आतून प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, वाहून गेलेले बांध, गाळ भरलेले खाचर. मेलेले जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून त्याचा दाखला घ्यावा. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे, लिहिलेले वाचून किंवा वाचवून घ्यावे, आपले सर्व्हे नंबर बरोबर आहेत का ते पाहावे आणि मगच सही किंवा अंगठा द्यावा. पावसाच्या नोंदीची वही या वेळी सोबत असू द्यावी. तीत त्या रात्रीच्या नोंदीपुढे घंटा किती वाजता वाजली, कोणते घर किती वाजता निघाले आणि पाणी रंगाच्या खुणेला कधी लागले, हे आठवण ताजी असतानाच लिहून काढावे. झाडावरची खूण जुनी ठरली असेल तर त्याच दिवशी तिच्या वर नवी करावी.